कोकणी खोली

काशीद-मुरुडकडच्या रिसॉर्टांत हल्ली एक ठरलेली ‘कोकणी खोली’ असते. वर मंगलोरी कौलं, खाली नक्षीच्या लाद्या, भिंतीला गेरूचा रंग आणि पितळी कड्यांचा झोपाळा. पाहुण्यांना वाटतं, कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या अशीच राहत आली. गंमत म्हणजे ह्यातलं बरंचसं आपल्या पणजोबांच्या काळी अगदी नवी फॅशन होतं!

कौलांचंच घ्या. आधी आपल्याकडे पेंढ्याची शाकारणी, नाहीतर कुंभाराची नळीची कौलं. एकात एक अडकणारं चपटं कौल युरोपातलं. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळूरला जेप्पू इथे कारखाना काढला, नेत्रावतीकाठची माती वापरली आणि माल किनाऱ्याने वर येऊ लागला. पेणला अंतोरे बंदर, रोह्याला कुंडलिकेची खाडी. ही गावं समुद्रावर नाहीत, पण भरतीच्या पाण्याबरोबर जड माल आत यायचा. (जुन्या कौलावर १८६५ दिसलं की लोक घराचं वय तेवढं सांगतात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा. आमच्याकडेही ही दंतकथा आहेच.)

लाद्यांची गोष्ट तर शेजारच्या उरणची. नक्षीच्या लाद्या तेव्हा परदेशातून यायच्या. १९२२ साली सिधवा मंडळींनी स्वदेशीच्या भरात भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि कारखाना घातला उरणला. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. पितळी साच्याच्या घरांत रंगीत सिमेंट ओतायचं, साचा उचलायचा, मागे साधं सिमेंट भरून दाबयंत्राखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या बायकांना ती लादी केवढी सुखाची वाटली असेल! दर चार दिवसांनी सारवण नको.

म्हणजे रिसॉर्टवाले नक्कल करतात ती साधारण १९३० च्या सुखवस्तू घराची. त्याला माझी हरकत नाही. नक्कल अर्धी होते ही हरकत आहे. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, म्हणून माजघर मे महिन्यातही सुसह्य असायचं. आता काँक्रीटच्या उतरत्या स्लॅबवर कौलं नुसती डकवतात आणि खाली एसी लावतात. उतरतं छप्पर पुढे झुकायचं ते तिरक्या पावसाची झड ओटीवर येऊ नये म्हणून. नव्या बाल्कनीला ते आखूड ठेवतात, समुद्र दिसायला हवा ना! मग जुलैत खुर्च्या भिजतात. आणि स्वागतकक्षात काय, तर बाली छापाचं बुद्धाचं मस्तक. वडखळ नाक्यावरून गाडी वळवताना पेण, हमरापूर, जोहे ही सगळी मूर्तिकारांची गावं डाव्या-उजव्या हाताला राहतात, पण तिथला एखादा शाडूचा गणपती काही ह्यांना सुचत नाही. असो.

आता घरचं. काका, आत्या, तुम्ही हे वाचता हे माहीत आहे. रोह्याच्या घराचे खांब, दारं, कौलं आणि माजघरातल्या लाद्या एका रिसॉर्टसाठी मागायला माणूस येऊन गेला. घर पडायला आलंय, आपल्यापैकी तिथे कोणी राहणार नाही, तेव्हा नाही म्हणायचं तोंड मला नाही. लाकूड वाळवीने खाण्यापेक्षा कुणाच्या ओटीवर उभं राहिलेलं बरं. पण ढीग करून वजनावर देऊ नका. उकरताना लादी फुटते, आणि आपल्या माजघरातल्या कडेच्या लाद्या वेगळ्या आहेत, मधल्या वेगळ्या. त्या मिसळल्या की नक्षी पुन्हा जुळायची नाही. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर घालायला हवा, खांबांवरही.

मी येत्या शनिवारी टेप आणि कॅमेरा घेऊन येतोय. दोन दिवसांत प्रत्येक खोलीचं माप आणि नकाशा होईल. तोवर त्या माणसाला थांबवून ठेवा. आणि झोपाळ्याच्या कड्या त्याच्या यादीत लिहिल्यात का, तेवढं कळवा.