पुलावरचे सैनिक

सतराव्या शतकात पॅरिसच्या पाँ नफ पुलावर हातपाय गमावलेले सैनिक भीक मागत असत. राजासाठी ज्यांनी रक्त सांडले, त्यांच्यावर ही वेळ का यावी?

त्यांची सोय मुळीच नव्हती, असे नाही. जुन्या प्रथेनुसार फ्रान्सचा राजा अपंग सैनिकांना मठांत पाठवी. तेथे त्यांनी घंटा वाजवावी, मंदिर झाडावे आणि मठाने त्यांना अन्नवस्त्र द्यावे, अशी अपेक्षा असे. परंतु छावणीत आयुष्य गेलेल्याला मठातील मौन मानवेना आणि त्याचे वागणे मठवासीयांना सोसवेना. म्हणून अनेक मठ त्याच्या हाती पैसे ठेवून मोकळे होऊ लागले. ते पैसे सरले, की रस्ता होताच.

१६७० साली चौदाव्या लुईने अपंग सैनिकांसाठी ‘ओतेल दे झँव्हालिद’ हे निवासस्थान स्थापन केले. त्याच्या खर्चाचा काही भार मठांवर पडला, तर काही लष्करी खर्चातील कपातीतून भागविण्यात आला. १६७४ मध्ये पहिले सैनिक तेथे राहावयास आले. अन्न, औषधोपचार व उपासना यांबरोबरच जोडे शिवण्यासारखी कामेही त्यांना मिळाली. राजाला कीर्ती हवी होती आणि रस्ते भिकाऱ्यांपासून मोकळे हवे होते, हेही खरेच. शिस्तही कडक होती.

त्या वास्तूत आजही युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार होतात. दानधर्म करताना आपण पुलावरच्या त्या सैनिकांना विसरू नये. त्यांना पैसे मिळाले होते, आपुलकीची जागा मात्र मिळाली नव्हती.