चाळीस वर्षांची नोंदवही

बडोद्यातील जुन्या मराठी घरांवरची कौले एकेक करून उतरली आणि परसातील पडव्यांवर, न्हाणीघरांवर सिमेंटचे नागमोडी पत्रे चढले, हे स्थित्यंतर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. पत्रा स्वस्त, हलका आणि न गंजणारा. त्याला बळकटी आणणारा अ‍ॅस्बेस्टॉस नावाचा खनिज तंतू मात्र सहसा कोणाच्या चर्चेत आला नाही. या तंतूने माणसाच्या फुप्फुसांवर काय ओढवले आणि ते मान्य करायला जगाने किती काळ घेतला, याचा इतिहास थोडक्यात मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

हा तंतू जळत नाही, सडत नाही, आणि कापसासारखा पिंजून विणता येतो. म्हणून वाफेच्या यंत्रयुगात बाष्पके, नळ, जहाजे यांना उष्णतारोधक वेष्टण म्हणून त्याला मोठी मागणी आली. परंतु जो गुण यंत्राला तारक, तोच देहाला मारक ठरला. श्वासावाटे आत गेलेला सूक्ष्म तंतू शरीराला पचवता येत नाही. त्याच्याभोवती फुप्फुसाची ऊती हळूहळू घट्ट होते आणि दम लागू लागतो, हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसावरणावर जाड पट्टे येतात, कधी तेथे पाणी साठते. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्धर कर्करोग ही त्याची अखेरची रूपे. यांपैकी बहुतेक विकार धुळीशी संबंध आल्यानंतर वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. या विलंबातच पुढील सर्व अन्यायाचे मूळ आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. 1924 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती मरण पावली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांतील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कंपनीने मात्र जबाबदारी नाकारली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावला तरी पायंडा पडेल, ही तिची भीती. नेलीला निनावी थडगे मिळाले.

पुढे मेरवेदर आणि प्राइस या सरकारी अधिकाऱ्यांनी 363 कामगारांची तपासणी करून 1930 साली अहवाल दिला. चारांतील एकाहून अधिक कामगारांची फुप्फुसे बाधित निघाली. 1931 साली धूळ-नियंत्रणाचे नियम झाले. पण ते कारखान्यांतील ठरावीक प्रक्रियांपुरतेच. जहाजांत व इमारतींत हाच माल हाताळणारे त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. 1960 साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते. त्यांचे बालपण तेवढे खाणींच्या परिसरात गेले होते. ब्रिटनने सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली ती 1999 साली. म्हणजे नेलीच्या मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी!

आपल्याकडे ही कथा निराळ्या वळणाने गेली. टर्नर अँड न्यूऑल याच समूहाची एक शाखा मुंबईत घाटकोपरला होती. अ‍ॅस्बेस्टॉसिसची नोंद करणे 1948 च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले होते. प्रत्यक्षात खोकणारा, खंगणारा कामगार आला की त्याला क्षयाची औषधे मिळत, आणि तो गावी परते.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. 1992 च्या सुमारास मी ज्या जिल्हा कार्यालयात होतो, तेथील मुदत संपलेली कारखान्यांची विवरणपत्रे रद्दीत काढण्याच्या प्रस्तावावर माझी सही आहे. सर्व काही नियमाला धरून होते. 2009 साली एक म्हातारा मजूर धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला. 1970 च्या दशकात आपण अमुक कारखान्यात पत्रे कापत होतो, एवढा एक कागद त्याला हवा होता. कारखाना बंद पडून युग लोटले होते, आणि सरकारदरबारचा शेवटचा पुरावा माझ्या सहीने गेला होता. ‘‘साहेब, तुमच्याकडे तरी असेल असं वाटलं,’’ एवढेच तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले. याहून अधिक काही देऊ शकलो नाही.

गुजरातच्याच भूमीतून या प्रश्नाला न्यायालयीन वाचा फुटली होती, हे म्हणूनच मला अधिक बोचते. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून चाळीस वर्षे, अथवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांत जी मुदत अधिक असेल तोवर जपावी, असा आदेश झाला. हे मी वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा आमची रद्दी जाऊन तीन वर्षे झाली होती. कारकुनी वाटणाऱ्या त्या चाळीस वर्षांमागे शरीरशास्त्र आहे: रोग जितका काळ दडून बसतो, तितका काळ कागदाने जागे राहिले पाहिजे.

भारतात 1986 पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबले, परंतु परदेशातून आयात होतच राहिली. आपल्या परसातील शाबूत पत्र्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका तो कापताना, फोडताना, घासताना उडणाऱ्या धुळीचा. पत्रा उतरवायचा झाल्यास तो आधी भिजवावा, कोरडा कापू नये, त्याचे तुकडे करू नयेत, आणि मुलांना दूर ठेवावे.

आपल्या घराण्यांनी सनदा, वंशावळी, जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या कापडात बांधून जपल्या. ते योग्यच झाले. परंतु आपल्या छपरांचे पत्रे ज्यांनी कापले, त्यांच्या नावाची एक ओळही आपण जपली नाही. त्या मजुराचे नाव मी माझ्या खासगी रोजनिशीत लिहून ठेवले आहे. सरकारी दफ्तरात त्याला आता काही किंमत नाही, हे मी जाणतो.