मुक्या पेशंटचा अभ्यासक्रम

परवा रात्री नऊला ऑफिसात एक बग आला. तक्रार एवढीच, "चालत नाहीये." घरी आलो तर आमच्या बोक्याने जेवण सोडलेलं, आणि तो तर तेवढंही सांगेना! मग प्रश्न पडला, न बोलणाऱ्या पेशंटचा डॉक्टर घडवतात कसा? अख्खा शनिवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते माणसांच्या डॉक्टरांपासून. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली वैद्यकीची पहिली बॅच आली, विद्यार्थी फक्त २०. आधी व्याख्यानं आणि मग पेशंट, हा क्रमच तिथे उलटा केला. सुरुवातीपासून समोर एक केस. छोटा गट, सोबत एक शिक्षक. पण त्याने उत्तर द्यायचं नाही. आपल्याला काय ठाऊक नाही ते मुलांनी मांडायचं, वाचून यायचं आणि पुन्हा त्याच केसला भिडायचं. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने पुढे या पद्धतीचा खूप प्रसार केला.

पशुवैद्यांना तर ही आणखी गरजेची. गाय, घोडा, कुत्रा, पोपट, सगळं पाठ करणार कोण? न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने १९९३ मध्ये आपला अभ्यासक्रम केसेसभोवती नव्याने बांधला. समजा, लंगडणारं शिंगरू आलं. हाडं, नसा, सूज, औषधं, सगळं एकदमच शिकावं लागतं. २००३ साली कॅलिफोर्नियात पोमोनाला वेस्टर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यक कॉलेजची पहिली बॅच सुरू झाली, तीही याच पद्धतीवर. वर शिकवण्यासाठी एकही जनावर मारायचं नाही हा नियम. मालकांनी दान केलेल्या मृत प्राण्यांवर अभ्यास.

गंमत म्हणजे त्याच १९९३ मध्ये माणसांच्या वैद्यकशिक्षणातल्या या प्रयोगाचे दोन मोठे आढावे छापून आले. मुलं जास्त खूश, पेशंटसमोर तितकीच किंवा थोडी सरस. पण मूलभूत विषयांच्या परीक्षेत काही ठिकाणी मागे. शिवाय छोट्या गटांना शिक्षक जास्त लागतात. फुकट काहीच नाही!

तरी माझं मत या पद्धतीलाच. आम्हाला कॉलेजने चार वर्षं उत्तरं शिकवली. प्रश्न विचारायला शिकलो नोकरीत, क्लायंटच्या खर्चाने. पशुवैद्याच्या बाबतीत तो खर्च जनावराच्या जिवाचा. चुका वर्गातच झालेल्या बऱ्या.

असो. बोक्याच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात नवीन काय आणलंत?" वॉशिंग मशीन, त्याच्या ताटलीला खेटून. बग सापडला.