ठाण्याची वर्षा मॅरेथॉन

मॅरेथॉन हे मूळचे ग्रीस देशातील एका रणभूमीचे नाव होय. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा या नावाची लांब पल्ल्याची शर्यत प्रथम लावण्यात आली. तिचे अंतर मात्र बरीच वर्षे ठरलेले नव्हते. १९०८ साली लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंत जी धाव आखली गेली, ती ४२.१९५ किलोमीटर भरली. आणि १९२१ साली तोच आकडा प्रमाण मानण्यात आला.

मराठी मुलखाचा या शर्यतीशी असलेला संबंधही जुना आहे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे तरुण सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, आणि अशा गड्यांना परदेशी पाठविण्याचे मनावर घेतले. पुढल्याच वर्षी अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. त्या काळी हे धाडस एखाद्यानेच करावयाचे असे. पुढे शहरांनी वार्षिक शर्यती भरविल्या, तेव्हा ते सामान्य नागरिकाच्या आटोक्यात आले. पुण्याची शर्यत १९८३ साली सुरू झाली.

ठाण्यास १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या आश्रयाखाली महापौर वर्षा मॅरेथॉन वाढली. तिची प्रमुख धाव २१ किलोमीटरांची, म्हणजे नावाने पूर्ण परंतु अंतराने अर्धी. मुले व वृद्ध यांच्यासाठी लहान पल्ले असतात. इतर शहरे हिवाळा निवडतात. ठाण्याने भर पावसाळा निवडला. यात साहस आहे, तसा हिशेबही आहे. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे धावणाऱ्याचे अंग तापते. परंतु झाकोळलेले आकाश आणि अंगावर पडणारी सर ही उणीव बरीचशी भरून काढतात. निसरड्या रस्त्यावर पाऊल मात्र जपूनच टाकावे लागते.

शहराची रचनाही येथे ध्यानात घेतली पाहिजे. १८५३ साली बोरीबंदरहून आलेला व पुढील वर्षी कल्याणपर्यंत गेलेला लोहमार्ग ठाण्याचे दोन भाग करतो. खाडीच्या बाजूस कोपरी, पलीकडे नौपाडा व पाचपाखाडी. महापालिकेचे मुख्यालय पाचपाखाडीस असल्यामुळे कोपरीच्या धावपटूस भल्या पहाटे रूळ ओलांडूनच आरंभस्थानी यावे लागते. एरवी वाहनांच्या स्वाधीन असलेले रस्ते त्या एका सकाळी दोन्ही भागांतील माणसांच्या पायांखाली येतात.

तिसावी शर्यत २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. पुढे साथीचा रोग आला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. महापौरच उरले नाहीत. अखेर १० ऑगस्ट २०२५ रोजी शर्यत पुन्हा भरली, ती महापालिकेच्या नावाने. तिला पहिली न म्हणता एकतिसावी म्हटले गेले. मधली वर्षे रिकामी गेली, तरी गणती तुटली नाही. वार्षिक उत्सवाचे खरे बळ पदाधिकाऱ्याच्या नावात नसून, खंडानंतर पुन्हा एकत्र येणाऱ्या नागरिकांच्या स्मरणात असते, याचीच ही साक्ष होय.