चलच्चित्रांतील काळाचें माप

हालतें चित्र टिपावयाचें, मग तें हातानें फिरविण्याच्या कॅमेऱ्यानें असो कीं संगणकावर असो, आरंभीं एक प्रश्न सोडवावाच लागतो : सेकंदास चित्रें किती घ्यावयाचीं ? उत्तर चुकलें तर चित्र राहतें, पण काळ बिघडतो.

महाराष्ट्रांत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१२ सालीं हा प्रश्न प्रयोगानें हाताळला. विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला व अंकुर वाढत असतां अंतराअंतरानें त्याचीं चित्रें घेतलीं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर थोडक्या क्षणांत घडली. हें पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्या काळीं कॅमेऱ्याची मूठ सेकंदास दोन वेळां फिरविली म्हणजे सोळा चित्रें उठत, असा सर्वसाधारण हिशेब असे. फितीच्या एका फुटांतही चित्रें सोळाच मावत. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारें ३,७०० फूट सांगतात, म्हणजे ५९,२०० चित्रें झालीं. तीं सेकंदास १६ प्रमाणें दाखविलीं तर खेळ तासाहून किंचित् अधिक चालेल. २४ प्रमाणें दाखविलीं तर ४१ मिनिटांत आटोपेल. फीत तीच, परंतु राणी तारामती चालण्याऐवजीं धावूं लागेल. पुढें १९३१ सालीं ‘आलम आरा’बरोबर आपल्याकडे बोलपट आला. ध्वनीस स्थिर वेग अवश्य असल्यानें बोलपटांत २४ हा आंकडा रूढ झाला.

त्यानंतर घरगुती व्हिडिओ आला. भारतांतील दूरचित्रवाणीनें पॅल पद्धति स्वीकारल्यामुळें त्या फितींवर सेकंदास २५ चित्रें पडलीं, आणि प्रत्येक चित्र विषम व सम ओळींच्या दोन अर्धांत विभागलें गेलें. जालना जिल्ह्यांत अंबडच्या किंवा परतूरच्या एखाद्या कपाटांत १९९० च्या सुमाराची लग्नाची फीत असेल, तर तींत वधूवरांबरोबर आज हयात नसलेल्या आजोबांची चाल आणि बोलही असतील. तें सारें संगणकावर उतरवितांना फाळक्यांचाच प्रश्न घरच्या माणसांपुढें येतो.

प्रथम पॅल निवडावें; अमेरिकेंतील एनटीएससी पद्धति राहिली तर चित्र बिघडतें. रुंदी ७२० व उंची ५७६ बिंदु, वेग २५ ठेवावा. ओळींचे दोन्ही अर्ध मूळ क्रमानेंच जतन करावेत. क्रम उलटला कीं हालचाल थरथरते. डीव्ही पद्धतीनें एका तासास सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. ती वाचविण्याच्या मोहानें मूळ प्रतच आकुंचित करूं नये. लहान प्रत मागाहून केव्हांही काढतां येते; गेलेला तपशील परत येत नाहीं.

घाई करण्यासही कारण आहे. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ सालीं व्हीएचएस यंत्रें करणें थांबविलें, आणि जुन्या फितींवरील चुंबकीय लेप वर्षानुवर्षें क्षीण होत जातो. पुष्कळदां फीत पुन्हां लावण्याची संधि एकदांच मिळते. म्हणून प्रत तयार होतांच तिच्याबरोबर वेग, बिंदु व पद्धति यांची नोंद लिहून ठेवावी. पुढील पिढीस आजोबा त्यांच्याच चालीनें चालतांना दिसावेत, इतकें या आंकड्यांत सामर्थ्य आहे.