मुंबईहून निघालेली जहाजं आणि समुद्री पाणमांजर

जुन्या मुंबईच्या व्यापाराचा विषय निघाला की आपल्याला कापूस आठवतो, अफू आठवते. आज आपण बोलणार आहोत पाणमांजराच्या कातड्यांबद्दल. डिसेंबर १७८५ मध्ये ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्सपेरिमेंट’ ही दोन जहाजं मुंबईहून निघाली. मुंबईतला व्यापारी डेव्हिड स्कॉट याचा त्यांना पाठिंबा होता. मोहिमेचा प्रमुख होता जेम्स स्ट्रेंज. १७८६ च्या उन्हाळ्यात ती आजच्या कॅनडातल्या नूटका खाडीत पोहोचली.

एवढ्या लांब कशासाठी? समुद्री पाणमांजराच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. बर्फासारख्या पाण्यात त्याला जगवतात ते केस, आणि इतके दाट केस दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाहीत. चीनमध्ये या कातड्याला मोठी किंमत मिळे. १७४१ मध्ये बेरिंगच्या रशियन मोहिमेचं जहाज फुटलं. वाचलेले खलाशी पुढच्या वर्षी ही कातडी घेऊन परतले, आणि शिकारी तिकडे धावले. रशियनांनी अल्यूट लोकांची माणसं ओलीस ठेवून त्यांच्याकडून शिकार करवून घेतली. पुढे कुकच्या खलाशांनी कँटनमध्ये कातडी विकली आणि इंग्रज व्यापारीही जागे झाले.

स्ट्रेंजला सुमारे ६०० कातडी मिळाली. मोहिमेला फायदा काही झाला नाही. पण जहाजं येतच राहिली. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. अशा प्राण्याने किती तग धरावा?

१९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून त्याला संरक्षण दिलं. तोपर्यंत साऱ्या जगात एक-दोन हजारच उरले होते, असा अंदाज आहे. म्हणजे विकायला फारसं काही उरलं नाही, तेव्हा कायदा आला! नूटका ज्या व्हँकुव्हर बेटावर आहे, तिथे तर ते नाहीसेच झाले. १९६९ ते १९७२ या काळात अलास्कातून ८९ पाणमांजरं आणून तिथे सोडावी लागली. ती रुजली, वाढली.

मग धोका टळला का? १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडलं आणि पाणमांजरं शेकड्यांनी मेली. तेलाने केस चिकटले की ऊब जाते. ज्या केसांसाठी व्यापाऱ्यांनी त्याला मारलं, तेच केस आज त्याचं मर्मस्थान आहेत. बंदूक थांबवायला एक करार पुरला. समुद्र स्वच्छ ठेवणं हे मात्र रोजचं काम आहे, आणि ते बंदरांनीच करायचं आहे.