निशाण्यावर माणूस नको

१९७८ साली जपानच्या तायतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम तयार केला. वर पाच रांगांत ५५ परग्रहवासी, खाली खेळाडूची एकटी तोफ. शत्रू मरत गेले की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिक वेगाने चालून येत. यंत्राची ही मर्यादाच खेळाची रंगत ठरली.

पडद्यावर माणसे हलवणे सोपे होते. पण माणसावर गोळ्या झाडणे गैर मानले गेले. म्हणून एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांवरून ऑक्टोपससारखे जीव आले.

२००१ नंतरच्या अनेक युद्धखेळांत मात्र शत्रूला अरबी चेहरा मिळाला. ते खेळ आपली मुलेही खेळतात. निशाण्यावर कोण असावे हे कुणीतरी ठरवत असते. एकेकाळी तिथून माणूस वगळला गेला होता, हे मुलांना सांगायला हवे.